पांढऱ्या जीपमधले पाहुणे

माणूस कोण आहे, हे मला त्याच्या चपलेवरून कळतं. निदान तसं मी सगळ्यांना सांगत असे.

कापसाची वाईट वर्षं होती ती. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात सारखं कुठलं ना कुठलं पथक पाहणीला येई. कधी मुंबईचं, कधी दिल्लीचं. त्याची एक रीतच पडून गेली होती. पांढरी जीप दिसली की प्लॅस्टिकच्या खुर्च्या आत आणि बाज बाहेर! (खुर्ची दिसली की साहेब लोकांना वाटतं, घर बरं चाललंय.) मग घरातल्या जाणत्या माणसानं बाजेवर बसून चेहरा पाडायचा.

त्या दिवशी माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या मुलीला, सुनंदाला पाहायला राळेगावची मंडळी यायची होती. दुपारच्या एसटीनं. आधीची दोन स्थळं मोडलेली, त्यामुळं दादा पार धास्तावला होता. मला ओट्यावर बसवून म्हणाला, "पाव्हणे आले का मले आवाज दे. तू बोलू नको."

आणि सकाळीच पांढरी जीप येऊन उभी राहिली! खिशाला पेन लावलेले गृहस्थ, कडक सुती साडीतल्या बाई, गळ्यात कॅमेरा अडकवलेला तरुण. चपला तर पाहायलाच नकोत, थेट दिल्लीच्या! मी खुर्च्या आत ढकलल्या, बाज ओढली आणि कामाला लागलो.

"हेच घर ना?" गृहस्थांनी विचारलं.

"हेच जी. पण घर म्हणावं असं काय राह्यलं आता?"

"मुलगी किती शिकली?" बाईंनी विचारलं.

पथकाला शिक्षणाची भारी काळजी असते. मी सुस्कारा सोडला. "कायची शिकते जी? शाळा सोडवली तिची. वावरात जाते."

"तब्येत बरी असते ना?"

"खायले असंल तं तब्येत. घरात कोणाचीच बरी नाही."

कॅमेरावाला जीपकडं पाहायला लागला. मला वाटलं, रंग चढला! मी डोळे पुसले. (खरंच पाणी आलं होतं, स्वतःच्याच बोलण्यानं.) तेवढ्यात इस्त्रीचा सदरा घालून दादा बाहेर आला. त्यानं बाजेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि मंडळींना हात जोडले.

"या पाव्हणे. एसटी तं दुपारी येते ना?"

"मेव्हण्याची जीप भेटली," गृहस्थ म्हणाले.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. आत सुनंदानं सगळं ऐकलं होतं. ती पोह्याच्या बश्या घेऊन आली आणि सरळ बोलली. "मी बी.ए. झाली. तब्येतही चांगली हाये. काकायचं मनावर घेऊ नका." कॅमेरावाला, म्हणजे नवरदेवच तो, पहिल्यांदा हसला.

होकार तिथंच मिळाला. पण निघताना व्याह्यांनी दादाला बाजूला घेतलं. "दिवस वाईट हायत. तुमच्या भावाले एकटं सोडू नका जी." इतक्या मायेनं म्हणाले की माझी मान वर होईना. ज्यांच्या घरात खरं दुःख होतं, ती माणसं गावात गप्प बसून होती. आणि मी चांगली भरल्या पोटी रडून मोकळा झालो होतो.

"नाटक करून राह्यलता तो," दादा म्हणाला. "पथक समजला तुमाले."

व्याह्यांना काही पटेना. त्यांनी माझ्या बायकोला विचारलं. ती पदर सावरत म्हणाली, "नाटक कायचं जी? घरी रोज असेच तं बसतात."

दुसऱ्या दिवशी आरशासमोर उभं राहून मी चांगलं तोंडभरून हसून पाहिलं. मागून बायकोनं विचारलं, "काहून, दाढ दुखून राह्यली का?"