एकेकानं आत या

"ते सब ठीक आहे. पण संस्थेसाठी तुम्ही केलं काय, ते सांगा ना."

संस्थेच्या अध्यक्षांनी हे मोबाईलकडे बघत विचारलं. त्याआधी फाईलवरचं माझं आडनाव वाचून ते नुसतं "अच्छा" म्हणाले होते. मी उभीच होते. समोर एक खुर्ची होती, तिच्यावर विषयतज्ज्ञांची बॅग होती. ती उचलावी असं अध्यक्ष, विषयतज्ज्ञ, प्राचार्य या तिघांपैकी कुणालाही वाटलं नाही.

त्या कॉलेजात मी नऊ वर्षं इतिहास शिकवला. तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवला तेवढा तास तुमचा. उन्हाळा तुमचा नाही, आजारपण तुमचं नाही. दर जूनमध्ये त्याच नोकरीसाठी, त्याच लोकांसमोर पुन्हा मुलाखत. जणू आपण कालच नागपुरात उतरलो. गेल्या जूनला मात्र कायम जागा निघाल्या होत्या. इतिहासाची एक, मराठीची एक, भूगोलाची एक. कायम हा शब्द आमच्या घरात कुणाच्याच वाट्याला आला नव्हता. बाबा इतवारीत धान्याची पोती उचलायचे. मुलाखतीच्या सकाळी आईनं माझी साडी स्वतः इस्त्री केली.

पहिला प्रश्न विषयतज्ज्ञांनी विचारला होता. विद्यापीठाकडून आलेले गृहस्थ.

"थर्मोपिलीच्या खिंडीत इराण्यांशी कोण लढलं?"

"तीनशे स्पार्टन लढले, सर. आणि थेस्पिया नावाच्या एका लहान नगराचे सातशे. शेवटच्या दिवशी त्यांना निघून जायची मुभा होती. ते गेले नाहीत. तिथेच मेले."

"ते जाऊ द्या हो. मेन कोण ते सांगा."

"सर, थांबले ते पण..."

"मेन, मॅडम. पेपरात मेन लिहितात."

अध्यक्ष हसले. प्राचार्यही हसले. प्राचार्यांच्या हसण्याचा मला जास्त राग आला. मागच्याच आठवड्यात त्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "घाबरते काहून वं? मी आहे नं तिथं." होते की. समोरच बसले होते. काजू खात होते.

मग अध्यक्षांचा तो प्रश्न आला. मी बोलायला लागले. मूल्यांकनाची समिती आली तेव्हा विभागाचं सगळं काम मी केलं. कायम असलेले सर रजेवर गेले की त्यांचे वर्ग मी घेतले. समितीच्या स्वागताला गेटवर आरतीचं ताट घेऊन मीच उभी होते. आणि नंतर फोटोच्या वेळी 'तासिकावाले जरा बाजूला व्हा' असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा बाजूलाही मीच झाले. हे शेवटचं बोलले नाही.

"अहो मॅडम, ते तर तुमचं कामच होतं. संस्थेसाठी काय केलं?"

पुन्हा तेच. तेव्हा तो प्रश्न मला ओळखू आला. कारण हा प्रश्न मी दरवर्षी वर्गात शिकवत होते.

प्लाटिया म्हणून ग्रीसमधलं एक चिमुकलं राज्य. अथेन्सचा मित्र. इराणची फौज मॅरेथॉनच्या किनाऱ्यावर उतरली तेव्हा अथेन्सच्या मदतीला हे एकटे धावले, होती नव्हती तेवढी माणसं घेऊन. अथेन्सवाले इतके खूश झाले, की त्यांच्या मोठ्या उत्सवात दोघांचं भलं मागायची रीत पडली. अथेन्सचं आणि प्लाटियाचं. ऐकायला गोड वाटतं. पुढे अथेन्स आणि स्पार्टा आपसात जुंपले. स्पार्टानं प्लाटियाला वेढा घातला. अथेन्सचा निरोप होता, टिकून राहा, आम्ही तुम्हाला सोडणार नाही. फौज काही आली नाही. खायला उरलं नाही तेव्हा ते शरण गेले. स्पार्टाहून पाच न्यायाधीश आले. आरोप कसलाच ठेवला नाही. एकच प्रश्न विचारला. या युद्धात तुम्ही स्पार्टाचं आणि त्याच्या मित्रांचं काही भलं केलं का?

प्लाटियाचे लोक फार चांगलं बोलले. जुने उपकार काढले, देवांची आण घातली. इराण्यांशी लढताना पडलेल्या तुमच्या वाडवडिलांची थडगी आमच्या मातीत आहेत, आम्ही ती सांभाळतो, म्हणाले. न्यायाधीशांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकेकाला समोर बोलावलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. ज्यानं नाही म्हटलं त्याला नेऊन मारलं. सगळ्यांनीच नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार? निकाल आधीच लागला होता. शेजारच्या थीब्जला प्लाटिया डोळ्यांसमोर नको होतं, आणि स्पार्टाला थीब्जची गरज होती.

नऊ वर्षं मी मुलांना सांगत आले, बघा, किती करुण प्रसंग. करुण म्हणे. तो प्रश्न मुळात प्रश्नच नव्हता, हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. आणि त्यांना एकेकटं बोलावलं, हे तर मी वाक्याच्या ओघात सांगून पुढे जायचे.

इतिहासाची जागा अध्यक्षांच्या भाच्यासाठी होती. कॉलेजच्या माळ्यालाही हे माहीत होतं. भाचा माझ्याआधी आत गेला तेव्हा मागोमाग चहाचा ट्रे गेला. काजू त्याच ट्रेमधले. मलाही सगळं ठाऊक होतं, तरी मी आले होते. आशा फार लाचार करते माणसाला.

"हा प्रश्न भाच्याला विचारला का, सर?"

प्राचार्यांचा हात बशीवरच थांबला. अध्यक्षांनी मोबाईल खाली ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"बाहेर व्हा."

"होते. उत्तर द्यायला परत येते. बाहेर बसलेत त्यांना घेऊन."

व्हरांड्यातल्या बाकावर वर्षा होती, मराठीची. आणि नितीन, भूगोलाचा, पारशिवनीहून पहाटेच्या एसटीनं आलेला. दोघंही माझ्यासारखेच तासिकेवरचे.

"काय विचारून राहिले वं?" वर्षानं विचारलं.

"संस्थेसाठी काय केलं म्हणते."

"मग मी काय सांगू?"

"काही नको सांगू. तिघं सोबत जाऊ. एकट्यानं जायचंच नाही."

नितीन खाली बघत म्हणाला, "मॅडम, असं केलं तं हाती आहे ते बी जाईल. माह्या घरी दुसरं कोणी कमावणारं नाही."

शिपायानं वर्षाचं नाव पुकारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि आत गेली. एकटी. मला इतका संताप आला की बाकावर मूठ आपटली. पण तो तिच्यावर कसा काढणार? तिच्या घरीही सकाळी कुणीतरी साडी इस्त्री केली असेल.

तिथे बसून मला आजोबा आठवले. छप्पन साली ते आमच्या खेड्यातून दीक्षा घ्यायला नागपुरात आले. म्हातारपणी सांगायचे, "एकटा गेलो असतो तं गावानं ठेचलं असतं. सारेच्या सारे गेलो, म्हणून गाव चूप बसलं." लहानपणी मला ती नुसती गोष्ट वाटायची. लढायची रीत सांगत होता म्हातारा, आणि पुस्तकं वाचून शहाणी झालेली नात दूरच्या ग्रीसमध्ये शोधत बसली होती.

वर्षा लवकरच बाहेर आली. डोळे लाल. "तेच विचारलं," एवढंच म्हणाली.

मग नितीनचं नाव आलं. तो उठला नाही. शिपायानं पुन्हा पुकारलं. नितीननं वर्षाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चला मॅडम," तो म्हणाला. "तिघं."

आम्ही दारात उभे राहिलो. अध्यक्ष ओरडले नाहीत. मोठ्या लोकांना ओरडावं लागत नाही.

"एकेकानं आत या."

"नाही," नितीन म्हणाला. माझ्याआधी तो म्हणाला.

भाचा रुजू झाला. आमच्या तिघांच्या तासिका गेल्या. आई अजून माझ्याशी धड बोलत नाही. "तोंड बंद ठेवलं असतं तं काय बिघडलं असतं तुह्यं?" असं एकदा म्हणाली.

आता रविवारी सक्करदऱ्याच्या तलावाजवळ आम्ही तासिकावाले जमतो. वेगवेगळ्या कॉलेजांचे. लोक येतात, ओळखीचं कुणी पाहील म्हणून पाठ फिरवून बसतात, पुढच्या रविवारी येत नाहीत. प्रत्येकाला त्याच्या प्राचार्यांनी सांगितलेलं असतं, मी आहे नं. प्रत्येकाची दोरी वर बांधलेली. शेजारच्याशी कुणाची गाठ नाही. अथेन्सच्या लहान मित्रांचंही असंच झालं. एका बेटानं युती सोडतो म्हटलं, अथेन्सनं ते चिरडलं, बाकीचे बघत राहिले. मग पुढच्याची पाळी आली. हे मी सांगते तेव्हा लोक माना डोलावतात आणि घड्याळ बघतात. कधी चौघं असतात, कधी आम्ही तिघंच. चीड येते. घरी जाऊन दार आपटते. पुढच्या रविवारी पुन्हा जाते.

येत्या जूनमध्ये मुलाखती लागतील. कुठल्या ना कुठल्या कॉलेजात शिपाई नाव पुकारेल. मला बोलावलेलं नसेल, तरी मी तिथं असेन. ज्याचं नाव पुकारलं, तो मला ओळखत नसला तरी त्याच्या शेजारी उभी राहीन. तो जा म्हणाला तरी हलणार नाही. चांगलं बोलून न्याय मागणं मी सोडलं आहे. त्या दारातून मी आता कुणालाही एकटं आत जाऊ देणार नाही.