मालनच्या सहा पट्ट्या

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतेय ते तुम्ही जवळचे म्हणून नाही — तुमच्या मताशी मला देणंघेणं नाही म्हणून. तेव्हा मध्येच ‘जाऊ दे गं’ म्हणू नका.

मालन मला आवडत नसे. आजही आवडत नाही. तळोज्याच्या आमच्या प्रयोगशाळेत ती माझ्या हाताखाली होती. खाडीकाठच्या गावातली, ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारी — आणि तरी मोठे साहेब तिचंच ऐकायचे! दोघीही एकाच गोष्टीच्या मागे होतो, मातीत कुजून जाणारं प्लास्टिक. मी ते तंबाखूच्या पानांत बनवू पाहत होते, जिवाणूंची जनुकं रोपात घालून. सात वर्षं. रोपं खुरटायची, पिवळी पडायची. हिने घरामागच्या मातीतून एक जिवाणू शोधला. साखर कारखान्याची मळी पाजली की तो पोटात या प्लास्टिकचे दाणे साठवायचा. “मॅडम, बघा ना कसा टम्म झालाय,” म्हणत ती मला सूक्ष्मदर्शकापाशी ओढायची. मी बघायचे. जळायचे.

त्या दाण्यांच्या तिने सहा पातळ पट्ट्या केल्या आणि जाळीच्या पिशव्यांत घालून कुंड्यांत पुरल्या. माती हट्टाने गावचीच आणली. तीन महिन्यांनी उकरायच्या. कुजल्या तर पुढचं काम तिचं, माझी रोपं बंद.

मग मी काय केलं? — थांबा, सांगते. दुसऱ्या दिवशी ती जेवायला गेली तेव्हा मी पिशव्या उकरल्या. तिच्या पट्ट्या काढून साध्या प्लास्टिकच्या घातल्या. वजन जुळावं म्हणून आधीच कात्रीने कडा कापत बसले होते. पिशव्यांची तोंडं पुन्हा शिवली — आयुष्यात एवढी नीटनेटकी शिवण मी कधी घातली नव्हती.

तीन महिन्यांनी सगळ्यांसमोर तिने उकरलं. सहाच्या सहा, जशाच्या तशा. साहेब निघून गेले. मला वाटलं, संशय घेईल — जिवाणूवर, नाहीतर माझ्यावर. तिने मूठभर माती उचलली, वास घेतला.

“मॅडम, आमच्या मातीन जीवच नाय रायला. कंपन्यांचं पानी पिऊन मेली.”

मी म्हणाले, “असेल.” वर तिलाच सांगितलं, जिवाणू वाढवलेल्या बाटल्या वाफेच्या यंत्रात घाल आणि सगळे मारून टाक. तिने घातल्या. महिन्याभरात नोकरी सोडली.

आणि खऱ्या पट्ट्या? कचऱ्यात टाकायची भीती वाटली, म्हणून खारघरच्या घरी जास्वंदीच्या कुंडीत खुपसल्या होत्या. विसरलेही होते. मग एका रविवारी मालनचा फोन आला. घरामागचा तुकडा, तिची आई भाजी लावायची तो, बिल्डर मागत होता. आई नको म्हणत होती. “तुमी शिकलेल्या, मॅडम. मेलेल्या मातीन काय पिकनार? विकू ना?”

विचार करून सांगते, म्हणाले.

फोन ठेवला आणि कुंडी वर्तमानपत्रावर उपडी केली. का केली? माहीत नाही. ढेकळं बोटांनी फोडली, मुळं सोडवली, माती चाळणीने चाळली. पट्टीचा एक तुकडा नाही. सहाही कुजून गेल्या होत्या.

जास्वंद परत लावली. हात धुतले. मालनला फोन केला आणि सांगितलं — विकून टाका.