दाढ काढली त्या दुपारचा फोन

इथले गूढ अनुभव मी वाचतो, मनात हसतो आणि पुढे सरकतो. माझा धंदाच असा होता, की असल्या गोष्टींवर विश्वास बसत नाही. टाकीत डिझेल आणि बॅटरीत दम असेल तर इंजिन सुरू होतं. नसेल तर कुणाच्या बापाला ते सुरू करता येत नाही. तरी लिहितोय, कारण बायको म्हणाली, "लिहून टाका एकदाचं. प्रत्येक पार्टीत तेच सांगता."

२००१च्या आसपासची गोष्ट. दुबईजवळच्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात माझं यार्ड होतं — दोन पत्र्याच्या शेड आणि मधे वाळू. बांधकामाच्या साइटवर सरकारी लाइट आली की तिथले मोठे जनरेटर पडून राहतात. ते मी उचलायचो, पूर्ण खोलून ठाकठीक करायचो आणि विकायचो. त्याआधी बरीच वर्षं हेच काम भागीदारीत केलं. भागीदाराचं नाव घेत नाही, त्याला तेवढाही मान द्यायची माझी इच्छा नाही. घासाघीस मी करायची, उन्हात मी मरायचं — आणि एक दिवस कळलं की लायसन्सवर त्याच्या मेव्हण्याचं नाव आहे, माझं कुठेच नाही! वर चार लोकांसमोर म्हणाला, "तू ओरडण्याशिवाय करतोस काय?" हे मी विसरलेलो नाही. विसरणारही नाही.

स्वतःच्या नावावरची माझी पहिली मोठी ऑर्डर आली कॅरिबियन समुद्रातल्या एका छोट्या बेटाची. अख्ख्या बेटाला एकच वीजकेंद्र, तेही डिझेलवर. आपल्यासारखीच तिथे पन्नास सायकलची वीज, त्यामुळे इथली मशीन तिथे जशीच्या तशी चालते. तिथले मुख्य इंजिनिअर जोसेफ स्वतः मशीन बघायला आले. काय भांडलो आम्ही! मी टेबल आपटलं, ते उठून गेटपर्यंत गेले, मी चहाला परत बोलावलं. सौदा झाल्यावर म्हणाले, "आमच्याकडे मासे विकणाऱ्या बायका तुझ्यापेक्षा हळू बोलतात." माणूस मला आवडला.

मशीन गेली, बसली, 'तीन नंबर' म्हणून चालू झाली. इकडे भागीदार बाजारात सांगत सुटला, "बघा, महिन्याभरात जळेल." खरंच जळली असती तर मला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं. रोज सकाळी डोळे उघडले की हाच विचार.

तर ती दुपार. अक्कलदाढेने जीव नकोसा केला होता. बर दुबईत, मीना बाजारातल्या एका कापड दुकानाच्या वर आमचा डेंटिस्ट. चार वाजता मी खुर्चीत — अर्धा चेहरा बधिर, तोंडात कापूस, आणि डॉक्टर माझ्या जबड्याशी झटापट करतोय. दाढ निघाली, टाके पडले. शुभा, म्हणजे माझी बायको, शेजारी उभी. डॉक्टरला विचारते, "हे तोंड किती दिवस बंद राहील? जास्त राहिलं तरी चालेल हं."

संध्याकाळी मी घरी सोफ्यावर, गालावर बर्फ. फोन वाजला. मुलीने स्पीकर लावला.

"अंकल, बाबा कान्ट टॉक. ही हॅज स्टिचेस."

पलीकडे जोसेफ खदखदून हसले. "टाके? सकाळी आठला तर भरपूर बोलला!"

त्यांची सकाळ म्हणजे आपली दुपार, आठ तासांचा फरक. मी हातानेच मुलीला खुणावलं, विचार, काय झालं?

"माझ्या ऑपरेटरवर एवढं ओरडायची काय गरज होती? थांब, तिच्याशीच बोल."

अँजेला फोनवर आली. मला कधी भेटली नव्हती, माझा आवाज कधी ऐकला नव्हता. म्हणाली, कंट्रोल रूममध्ये ती एकटी होती. फोन आला, हॅलो नाही, काही नाही. नुसता आरडाओरडा. आणि तिने नक्कल केली —

"क्लोज नंबर थ्री! यल्ला! फर्स्ट क्लोज, आफ्टर आस्क!"

शुभा आणि मुलगी, दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. चल लवकर, आधी बंद कर, विचार मागाहून! यार्डात टेस्टिंगच्या वेळी मी पोरांवर असाच ओरडायचो. अगदी हेच शब्द. तिची नक्कल ऐकून जोसेफने मला लगेच ओळखलं, ते उगाच नाही.

अँजेलाने घाबरून मशीन बंद केली आणि खाली जाऊन पाहिलं. डिझेलच्या पाइपला चीर पडून फवारा उडत होता, तापलेल्या एक्झॉस्टपासून वीतभर अंतरावर. अजून थोडा वेळ गेला असता तर मशीन, शेड आणि लाकडी पार्टिशनच्या आड बसलेली ती मुलगी... खलास. तो पाइप आमचा नव्हताच. मशीन बसवल्यावर तिथल्या कॉन्ट्रॅक्टरने टाकलेला. मी तो आयुष्यात पाहिला नव्हता.

नंतर मी सगळ्या बाजूंनी विचार केला. माझा मोबाइल शुभाच्या पर्समध्ये बंद होता. कंट्रोल रूमचा नंबर माझ्याकडे नव्हता, फक्त जोसेफच्या ऑफिसचा होता. भागीदाराने चेष्टा केली म्हणावं, तर त्याला मशीन जळायलाच हवी होती!

मशीन पुढे कित्येक वर्षं चालली. तिच्या नावावर शेजारच्या बेटांनीही माझ्याकडून मशिनी घेतल्या. पोरीचं शिक्षण झालं, घर झालं. तक्रार नाही... म्हणजे एक आहे, ती वर लिहिली.

पुढच्या वर्षी जोसेफ आले ते एक बरणी घेऊन. अँजेलाच्या आईने माझ्यासाठी जायफळाच्या फळाचा मुरंबा पाठवला होता. मी बरणी परत सरकवली. "जोसेफ, मी फोन केलेला नाही. जे केलं नाही त्याचं मी घेत नाही."

जोसेफने बरणी पुन्हा माझ्यासमोर ठेवली. "बरं. मग ज्याने केला त्याला दे."

आता कुणाला देणार? बरणी कितीतरी दिवस डायनिंग टेबलावर तशीच. येता-जाता मी बघायचो. शेवटी एका सकाळी मुलीने झाकण उघडलं, तेव्हा शुभाने आधी एका वाटीत थोडा काढून वेगळा ठेवला. "ज्याने फोन केला त्याचा," म्हणाली. मग आम्ही तिघांनी पोळीबरोबर खाल्ला.