सूपभर कोंडा

काकी गेल्याला महिना होत आला. जळगावला कचेरीत परतलो तेव्हा माझं मुंडण केलेलं डोकं पाहून सोबती विचारू लागले, "काकीसाठी कुणी केस काढतं का रे?" पण ती माझी सख्खी आई होती.

माझ्याआधीचे दोन मुलगे मानमोडीच्या साथीत गेले. त्यानंतर मी झालो. शिंदखेड्याच्या घरी तिनं मला सुपात घातलं, शेजारच्या अक्काच्या ओटीत टाकलं आणि बदल्यात सूपभर कोंडा घेतला. मूल परक्याचं झालं की दैवाची नजर चुकते म्हणतात. असे विकलेले कोंडाजी आमच्याकडे घरोघरी आहेत. पण बाकीच्या आया वर्षभरात ते विसरून जातात, ही विसरली नाही. मला पाजायलासुद्धा ती अक्काच्या ओट्यावर जाई. पुढे जेवायला वाढताना म्हणे, "अक्काना पोऱ्या, जेवी ले." मी अक्काला माय म्हणायचं आणि तिला काकी. गावाला त्याची गंमत वाटे. ही बाई आतून भीतीनं पोखरली आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. पोराला ताप आला तर वैद्याला बोलावतात हो, आईच्या धास्तीची नाडी कोण बघतो?

एकदा मी तापानं फणफणलो, तर ती दाराबाहेरच बसून राहिली. अक्का कडाडली, "अवं, धर ना त्याले!"

"तुना पोऱ्या शे, तूच धर," ती म्हणाली, पण दारातून हलली नाही. मला तिचा राग येई. फार राग येई.

मुलाच्या लग्नात कोंडा परत करून त्याला सोडवून घेतात. माझ्या लग्नात अक्का पदर पसरून उभी राहिली, तर काकी पुटपुटली, "ऱ्हाऊ दे… आजून नको." मी अक्काचा मुलगा म्हणूनच बोहल्यावर चढलो.

शेवटच्या आजारात दवाखान्यातल्या कंपाउंडरनं तिला विचारलं, "बाई, हाऊ कोना पोऱ्या शे?" ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अक्काना…" आणि माझं मनगट घट्ट धरलं. ते तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही.

तेरावा झाल्यावर घर आवरायला घेतलं. उतरंडीच्या तळच्या मडक्यात कोंडा निघाला. त्यात घातलेला कडुलिंबाचा पाला अजून हिरवट होता. म्हणजे जुना झाला की ती नवा भरून ठेवत होती, इतकी वर्षं. मला सोडवून न्यायची तिची तयारी रोजच होती, धीर तेवढा होत नव्हता.

तो कोंडा मी त्याच सुपात घेतला आणि अक्काच्या पदरात ओतला. म्हातारी हुंदके देऊ लागली. "जाय बाबा, तुना घर जाय," म्हणाली.

सूप खुंटीला अडकवलं आणि त्या रिकाम्या घरात, दैव ऐकेल म्हणून न घाबरता, मी जन्मात पहिल्यांदा तिला माय म्हणून हाक मारली.