चेटकिणींच्या रानातलं हळदीकुंकू

नेदरलँड्समधल्या आर्नहेमहून निघताना आईने विचारलं, "जंगलात बघण्यासारखं काय आहे?"

"चेटकिणी," मी म्हटलं. तिने स्वेटरवर आणखी एक स्वेटर चढवला.

आई पुण्याहून दोन महिन्यांसाठी आली होती. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. त्या शनिवारी माझ्या बाळाला नवऱ्याकडे सोपवून आम्ही निघालो होतो; दुसऱ्या दिवशी, रविवारी, माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. "मी वर बाळाजवळ बसेन," असं तिने आपणहून सांगून टाकलं आणि मी गप्प राहिले. गप्प राहणं सोयीचं असतं.

भारतीय दुकानातून हळद, कुंकू, तिळगूळ घेऊन आम्ही नायमेखन शहराच्या अलीकडच्या एका गावाची बस धरली. मला डच पाट्या उत्तम वाचता येतात, त्यामुळे आम्ही एक थांबा पुढे उतरलो आणि अर्धा तास चिखल तुडवला.

या भागात ज्या बायकांवर चेटकीण ('हेक्स') म्हणून खटले चालले, त्या आता ओकच्या लाकडात कोरून रानात उभ्या केल्या आहेत. तिसरीच्या हातात मडकं होतं. मी पाटी वाचून दाखवली, "विधवा होती. शेजारणीकडे जाऊन आली आणि त्या दिवशी तिथे लोणी निघालं नाही. म्हणून हिला जाळलं."

"दही कोमट असेल," आई म्हणाली. "गार पाणी घालायचं होतं."

मग तिने माझ्या पिशवीतून पुड्या काढल्या आणि त्या बाईला हळदकुंकू लावलं. "हिला कधी कुणी बोलावलं नसेल गं."

ओल्या लाकडावरून कुंकू ओघळलं. कुत्रा फिरवणारे एक आजोबा थांबले. "हे निघेल ना?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"पावसाने निघेल," मी म्हटलं. पाऊस पडतच होता. "घरी आलेल्या बायकांना आम्ही मान म्हणून लावतो."

"सगळ्यांना?"

प्रश्न आईला कळला होता. "नो," ती म्हणाली. "हजबंड अलाइव्ह, ओन्ली."

आजोबांनी तिच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, मग पाटीकडे. "ओ," म्हणाले आणि कुत्र्याला घेऊन गेले.

मला लाज वाटली. गावातल्या कॅफेत सफरचंदाचा केक (आपेलटार्ट) खाताना वाटली, बसमध्येही वाटली. मी आईला फक्त वरच्या मजल्यावर पाठवत होते, एवढाच काय तो फरक.

रविवारी चौघी मैत्रिणी येऊन बसल्या, तशी आई जिन्याकडे निघाली. मी तिला हाक मारून खुर्चीवर बसवलं आणि पहिलं कुंकू तिला लावलं. थोडं तिच्या नाकावर सांडलं.

"अगं, लोक काय म्हणतील?"

"तिळगूळ घे," मी म्हटलं. तिने घेतला, आणि बराच वेळ हातातच धरून ठेवला.

सोमवारी मी चौघींना मुद्दाम फोन केला. कुणाचंही दही बिघडलं नव्हतं.