काकूंचा नवस आणि आंबीची झोळी

अन्याय झाला तो आंबी ठाकरणीवर. गेल्या दसऱ्याला, सकाळी नऊ ते साडेदहा. करणारे आम्ही पाच जण. त्यांतला मी मागच्या गादीवर, डावीकडे.

काकांनी नवी (म्हणजे मुंबईत कुणीतरी वापरून कंटाळलेली!) मोटार आणली होती. काका, काकू, दोघी चुलत बहिणी आणि मी, झेंडूचे हार घालून दहिवलीहून निघालो. काकांनी स्थळांची यादी केली होती: चौकला चहा, महाडचा गणपती, खोपोलीचं तळं, घाटाचं तोंड. काकूंनी नवस केला होता: मोटारीतून पहिलं पाऊल पडेल ते महाडच्या देवळासमोर. तोवर कुणी उतरायचं नाही! (चौकचा चहासुद्धा बसल्या जागी.)

माझ्या मांडीवर माझ्याच पत्रकांचा गठ्ठा. मथळा: 'वेठ बंद करा!' देवळापाशी वाटणार होतो.

कोसभरावरच्या ओढ्यात मोटार रुतली. समोरून डोंगरवाडीवरचे चार ठाकर झोळी घेऊन आले. झोळीत आंबी, बाळंतपणात अडलेली. पुढे तिचा नवरा हिरू. सण म्हणून कर्जतचा दवाखाना अकराला बंद होणार होता. हे हिरूला ठाऊक होतं. आम्हालाही.

"ए, ढकला रे जरा!" काका ओरडले.

"रावसाहेब, बायको अडलीया. दवाखान्यात न्यायची हाय."

"पाच मिनिटांचं काम!"

झोळी काठावर टेकली. आम्ही पाच जण आत, शिवाय मोदकांचा डबा. मोटार हलेल कशाला?

"तुमी उतरा, मंग हालंल," हिरू म्हणाला.

"नवस आहे रे!" काकू कळवळून म्हणाल्या.

हिरूने माझ्याकडे पाहिलं. मी पाय वर घेतले. (पाणी आत येत होतं!)

चाक जागच्या जागी फिरू लागलं, तेव्हा काकांनी माझा गठ्ठा उचलून हिरूला दिला. "घाल चाकाखाली!" 'वेठ बंद करा'वर चाक दिमाखात चढलं आणि इंजिन बंद पडलं! आता पुढे जाऊन हँडल कोण मारणार? उतरायचं तर नाही! हिरूने मारलं. हँडल उलटं फिरलं, त्याचं मनगट भोपळ्यासारखं सुजलं. मोटार मात्र सुरू झाली.

"रावसाहेब, लई उशीर झाला. माघारी फिरवा, हिला तेवढी सोडा."

काका यादी वाचू लागले. काकू पुटपुटल्या, "नव्या मोटारीत बाळंतीण? देवाच्या आधी?"

मी गप्प बसलो नाही हं! "काका, हे बरं नव्हे," असं स्पष्ट म्हणालो. बसूनच म्हणालो.

मोटार चौककडे गेली. झोळी खांद्यावरूनच कर्जतला पोचली तेव्हा दवाखान्याला कुलूप होतं, कुलपाला झेंडूचा हार. आंबी तिथल्या पायरीवरच गेली. मूल तिच्याबरोबरच. दुसऱ्या दिवशी हिरूने सांगितलं. रागावला नाही. एवढंच विचारलं, "नवस पावला का, दादा?"

पावला. महाडला सगळ्यांत आधी मीच उतरलो, उजवं पाऊल पुढे टाकून. माझ्या चळवळीतली आजवरची सगळ्यांत धाडसी उडी तीच!

आता हे नवं पत्रक तुमच्या हातात आहे. चाकाखाली घालू नका. वाटेत झोळी दिसली, की मोटारीतून खाली उतरा आणि तिला आत बसवा.