कशावरून काका

कांदिवलीच्या त्या सोसायटीत चंद्रप्रकाश परबांना सगळे ‘कशावरून काका’ म्हणत. मुलगी बघायला गेले होते तेव्हा ‘नलिनी सुगरण आहे’ ऐकल्याबरोबर त्यांनी ‘कशावरून?’ असं विचारलं होतं. लग्न तरीही झालं, आणि नलिनीकाकू आजवर त्यांच्या अकलेबद्दल तेच विचारत आल्या आहेत.

ए विंगच्या पार्किंगमधून गाड्यांचे आरसे चोरीला जायला लागले, तेव्हा सेक्रेटरी हर्षदने तिथे झगझगीत दिवे लावले. त्याच दिवशी काकूंनी तिथेच नारळ ठेवून मालवणी गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, ह्या चोराचा वाटोळा कर!”

चोऱ्या थांबल्या.

“दिव्यांमुळे,” हर्षद म्हणाला.

“गाऱ्हाण्यामुळे,” काकू म्हणाल्या.

“कशावरून?” काका दोघांवरही खेकसले. “एकदम दोन औषधं घेतलीत, आता गुण कुणाचा ते कसं कळणार? बी विंगमध्ये नुसते दिवे लावा, सी विंगमध्ये नुसता नारळ ठेवा आणि डी विंगमध्ये काहीच करू नका!”

“आमचे आरसे काय फुकटचे आहेत?” डी विंगवाले भडकले. मग काकांनी स्वतःची गाडी तिथे नेऊन लावली, आणि प्रयोग नीट चाललाय ना हे बघायला शेजारी खुर्ची टाकून ठाण मांडलं.

महिन्याभरात बी विंगमधले दिवेच चोरीला गेले. सी विंगमधला नारळ गेला. डी विंगला मात्र ओरखडासुद्धा नाही.

“बघा!” काका गरजले. “जिथे काहीच केलं नाही, तिथेच चोर फिरकला नाही!”

“काहीच केलं नाही, कशावरून?” काकू म्हणाल्या. “खुर्चीत बसलेला तो राखणदार कोण होता मग?”